लेझर डावीकडे, ऊब उजवीकडे

आमच्या घरात दात दुखला की लवंग, आणि लवंगेनं नाही भागलं की दात उपटणं... तिसरा उपाय नव्हता. आई बीबी गावच्या बाजारात वांगी-मेथी घेऊन बसायची, बाबा मळ्यात. माझे पुढचे दात बाहेर आलेले. शाळेत पोरं ‘किसणी’ म्हणायची. तेव्हापासून मी तोंडावर हात ठेवून हसते, अजूनही. पण शिकले. घराण्यातली पहिली ग्रॅज्युएट — बी.एस्सी. फिजिक्स. हे सांगते ते एवढ्यासाठी, की भानामती, दृष्ट, अंगारा यांवर माझा काडीचा विश्वास नव्हता. आणि गाव लोणार तालुक्यातलं म्हणून लगेच उल्केशी नातं जोडू नका. हे घडलं मेहकरला, दातांच्या दवाखान्यात, भर दुपारी.

मी तिथे असिस्टंट म्हणून नुकतीच लागले होते. धाकट्या बहिणीला, पूनमला, तिथेच दाखवलं. ती तेव्हा चौदाची. वरचे दोन्ही सुळे हिरडीत अडकलेले. डॉक्टर मॅडमनी हिरडी उघडून दोन्ही सुळ्यांना बारीक साखळ्या जोडल्या, दातांवरच्या तारेला बांधल्या. डावा येईल म्हणाल्या. उजवा मात्र हट्टी.

“पाच महिने बघू. नाही हलला तर काढावा लागेल.”

पूनम रडली नाही. तिनं तोंडावर हात ठेवला — अगदी माझ्यासारखा. ते मला बघवलं नाही.

उजव्या बाजूला मॅडमनी लेझर सुचवला. कापायचा नव्हे, हलक्या ताकदीचा. “बऱ्याच मुलांचं दुखणं कमी होतं. दात लवकर सरकतो असंही म्हणतात, पण मी खात्री देत नाही.” दर पंधरा दिवसांनी मॅडम मशीन लावून द्यायच्या, आणि पूनमच्या कार्डावर त्यांनी केलेली खूण बघून लेझरचं पेन हिरडीवर मी धरायची. दोघींच्या डोळ्यांवर गडद चष्मे. तो प्रकाश दिसत नाही, आणि मॅडम म्हणायच्या की जाणवतही नाही.

पहिल्याच दिवशी पूनम म्हणाली, “का वं ताई, तू इकडे धरून राह्यली अन् मले तिकडे गरम लागून राह्यलं!”

“चूप बस. फिजिक्स मी शिकली का तू?”

“मंग तुह्या फिजिक्सले विचार, काऊन लागते ते!”

पुढच्या वेळी मी परीक्षाच घेतली. तिच्या चष्म्यावर टॉवेल टाकला, मशीनचा आवाज बंद केला. पेन हिरडीवर तसंच. कधी चालू, कधी बंद. चालू केलं की तिचं बोट वर व्हायचं आणि उजव्या गालावर टेकायचं. बंद केलं की खाली. एकदाही चुकली नाही.

चौथ्या महिन्यात मॅडमनी आरसा धरला. उजव्या सुळ्याचं पांढरं टोक बाहेर! डावा जिथल्या तिथे.

“उजव्याला लेझर मानवला बघ!” मॅडम खूश.

मी पूनमचं कार्ड पुन्हा नीट बघितलं. कार्डावर दातांचं चित्र समोरून बघितल्यासारखं असतं. पेशंटचा उजवा दात कागदावर आपल्या डाव्या हाताला येतो. मॅडमचं बोलणं विसरून मी कागदावरची खूण डावीकडे बघितली आणि चार महिने डाव्याच हिरडीवर लेझर देत होते. बी.एस्सी. झालेली मी!

गप्प बसले असते तर कुणाला कळलं नसतं. नोकरी जाईल असंही वाटलं. तरी डबा खायच्या वेळी मॅडमना सांगितलं. त्यांनी कार्ड हातात घेतलं. मग म्हणाल्या, “कार्डावर खरं लिही. कोणत्या बाजूला दिला, किती वेळा दिला, सगळं.” लिहिलं.

पुढच्या वेळी पेन मॅडमनी स्वतः धरलं, उजवीकडे.

“गरम लागतंय?”

“नाही मॅडम.”

डावीकडे धरलं, तेव्हा मीच विचारलं.

“नाही वं ताई... आता काहीच नाही लागत.”

त्यानंतर ती ऊब तिला कधीच जाणवली नाही.

साखळीच्या ओढीनंच उजवा आला असेल, हे मला पटतं. मॅडमही तेच म्हणतात. पण डोळे झाकलेल्या पोरीला मशीन कधी चालू झालं ते कसं कळायचं? आणि ऊब बरोबर त्याच दातापाशी का, जिथे लेझर द्यायचा होता? अजून पुस्तकं चाळते, कॉलेजच्या सरांना विचारते.

आता पूनम अकरावीत आहे. दोन्ही सुळे रांगेत आले. हसताना तिचे दोन्ही हात मोकळे असतात.