परड्यातल्या तीन खुणा

कुंडलात सिद्धूचं नाव काढायचं म्हंजी आदी बिराप्पाचं काढाय लागतंय. थोरला भाऊ त्यो. सोता सातवीत शाळा सोडली, मेंढरं राखली, रानात राबला, पर धाकट्याला आयटीआयला घातला. आता सिद्धू कुपवाडला कारखान्यात लेथवर हाय. त्येनं कापल्याला तुकडा केसभर बी हुकत न्हाई, ह्ये बिराप्पा पारावर, डेअरीत, न्हाव्याच्या खुर्चीत बसून सांगायचा. कुणी इचारू दे न्हाईतर नको.

असल्या बिराप्पाच्या डोक्यात दिवाळीनंतर किडा शिरला.

सिद्धूनं तीन पायांचा स्टँड आन् त्येच्यावर बसवायचं यंत्र आणलं घरला. तसला स्टँड बिराप्पानं एकदाच बघितला व्हता, कालव्याची मोजणी आली तवा. सायबानं त्येला डोळा लावला, आन् शेजारच्या हरीच्या बापाचा निम्मा मळा कालव्यात गेला.

"काय रं त्ये?"

"चांदण्यांचं फोटू काढायचं हायत, दादा."

"चांदण्या काय पळून चालल्यात व्हय?"

"पळत्यात की. म्हणून तर यंत्र आणलंय."

बिराप्पाला वाटलं, पोरगं टिंगल करतंय.

रविवारी भर दुपारी सिद्धूनं परड्यात ओळंबा टांगला. दोरीची सावली फरशीवर खडूनं आखली आन् तिच्या अंगानं लाल रंगाच्या तीन खुणा केल्या. "दादा, आपल्या परड्याची उत्तर बरुबर घावली बघ!"

उत्तर! चतुःसीमा कोण काढतंय, आन् कवा काढतंय, ह्ये बिराप्पाला शिकवाय नको. वर आनी सिद्धू म्हणला, "त्यो शेवगा मधी येतोय गड्या. फांद्या तोडू का?"

शेवगा परड्याच्या मधोमध. दोन भावांत भिंत घालायची म्हणली तर तिथनंच जाणार.

"वाटणी मागतोय त्यो," बिराप्पा बायकूला म्हणला. "तोंडानं न्हाई, यंत्रानं."

बनुबाई भाकरी थापत व्हती. "आवं, मी बघितला त्येचा फोटू. काळ्यात पांढरं पांढरं हाय."

"पीठ सांडल्यागत! त्येला चांदण्या म्हणत्यात व्हय?"

"मग इचारा की त्येला."

"मी इचारू? थोरला हाय मी!"

तवापास्नं पाळत सुरू. सिद्धू कामावरनं आला की जेवणाआदी स्टँडचं पाय त्या खुणांवर टेकवायचा, डोळा लावायचा, "हां, बसलं आता" म्हणायचा. बिराप्पा बाजंवर पडून मोबाईलवर भजन लावायचा आन् कान परड्याकडं ठेवायचा. एकदा सिद्धू फोनवर सांगलीच्या कुणाला तरी म्हणला, "परड्यात जागा पक्की केलीय. आता रोज मोजाय नको."

जागा पक्की! बिराप्पाला भाकरी ग्वाड लागंना.

दुसऱ्या दिवशी सिद्धू गाडीला किक मारून गेला, तसं ह्येनं राकेल घिऊन तिन्ही खुणा पुसल्या. ट्रॉलीचा लाल रंग उरला व्हता, त्यो काढला आन् सिद्धूच्या दाराकडं हातभर सरकवून नव्या खुणा केल्या. अंदाजानं करताना तिन्ही जरा फिरल्या, पर लांबनं झ्याक दिसत व्हत्या. मोज म्हणावं आता!

त्या सांजंला सिद्धूनं फोटू मोठा करून बघितला. मग मोबाईल घिऊन बाजंपाशी आला. "दादा, चांदण्या ओघळल्यात बघ." खरंच, एकेक चांदणी तांदळागत लांबडी झाल्याली. "कुणीतरी खुणा पुसून दुसरीकडंच रंगवल्यात. हरीच्या पोरांचाच उद्योग, उड्या टाकत्यात हितं. मधी गुडघाभर भिंतच घालतो."

भिंत म्हणल्याबरुबर बिराप्पा ताडकन उठला.

"घाल! शेवग्यापास्नंच घाल! येवढ्यासाठी लेथवर धाडला तुला? वाटणी पायजे तर तोंडानं माग की रं! चोरून काय मोजतुस?"

"वाटणी? कशाची?"

"घराची! परड्याची!"

सिद्धूनं मोबाईलचा उजेड त्येच्यावर धरला. मग त्येची नजर थोरल्याच्या नखांवर गेली. लाल. "दादा, खुणा तू हलवल्यास?"

बिराप्पानं हात बंडीच्या खिशात घातला. "माझं परडं हाय. कुटं बी रंगवीन."

"आपलं म्हणा, आपलं," दारातनं बनुबाई म्हणली.

सिद्धू तिथंच खाली बसला. "दादा, चांदण्या सरकतील तसं ह्ये यंत्र फिरतंय. त्येचं त्वांड ध्रुवाकडं पायजे. ध्रुव हाय शेवग्याच्या मागं. दिसतच न्हाई, म्हणून सावलीवरनं उत्तर काढली. भिंत हरीच्या अंगाला, पडल्याली हाय तिथं घालणार व्हतो, आपल्यात कशाला घालू?"

बिराप्पानं समदं ऐकलं आन् म्हणला, "ध्रुव शेवग्याच्या मागं हाय. कशावरनं?"

नुसत्या शब्दावर इस्वास ठेवणारा गडी न्हवंच त्यो. आत गेला, कोयता आणला आन् आडवी फांदी उतरवली. मग आनी एक. हरीच्या भिंतीच्या जरा वर बारीकशी चांदणी दिसली.

"येवढीशीच?"

"येवढीशीच."

बिराप्पानं बाज वढली आन् तिच्याकडं बघत बसला. बनुबाईनं दोनदा जेवाय हाक मारली, ह्यो हालंना. बाकीच्या चांदण्या भिंतीवरनं सरकत गेल्या. ही मातूर जाग्यावरच. तवा कुटं त्यो उठला, आन् आपल्या खुणा पुसाय राकेलाचा डबा सोताच सिद्धूच्या हातात दिला.

आता पारावर लेथचं नाव निघत न्हाई. "कुंडलात खरी उत्तर कुटं हाय, ह्ये फकस्त आमच्या परड्यात कळतंय," बिराप्पा सांगतोय. "शेवगा मी सोता तोडला."

हरीनं भिंतीवरनं मान काढून इचारलं, "मोजणी आणतोयस काय रं, बिराप्पा?"

"आमच्या सिद्धूची मोजणी तुला झेपायची न्हाई, गड्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी हरी टेप घिऊन आपली भिंत मोजत व्हता.