मेंढरांमागचं घोडं

मी घोडं विकत आणलं तेव्हा पारावर दोन तर्क निघाले. एक, मी निवडणुकीला उभा राहणार. दोन, माझं डोकं फिरलं. दुसऱ्याला जास्त मतं होती. खरं कारण मात्र आमची पांदण होती.

झरीच्या अलीकडं आमचं गाव, आणि गावापासून अडीच किलोमीटरवर शेत. मधली पांदण, म्हणजे शेताकडची कच्ची वाट, सगळी काळ्या मातीची. आषाढ लागला की दिवाळीपर्यंत तिथं मोटारसायकल चालत नाही. चाकात चिखल असा गच्च बसतो की गाडीच खांद्यावर घ्यायची वेळ येते. बैलगाडी आसापर्यंत रुतते. मी पायी जातो, पण माझ्या वडिलांचे, आबांचे, गुडघे गेलेले. उन्हाळ्यात वाट वाळली की मी त्यांना गाडीवर बसवून न्यायचो, पण तेव्हा शेतात बघायला काय असतं? ढेकळं. उभं पीक त्यांनी दोन वर्षं डोळ्यांनी पाहिलं नव्हतं.

मी मोबाइलवर फोटो काढून आणायचो. ते मोबाइल हातभर लांब धरून बघायचे आणि म्हणायचे, "बरं हाय."

हे 'बरं हाय' मला सोसेना. ज्या माणसानं माझ्या पेरणीपासून मळणीपर्यंत प्रत्येक कामात खोट काढली, ज्याच्याशी माझी रोज सकाळी जुंपायची, तो आता काहीही विचारलं की "तुला वाटंल तसं कर" म्हणायला लागला. शेजारी म्हणायचे, घरात किती शांतता आली. मला त्या शांततेची भीती वाटायची. आबा बाजेवर बसल्या बसल्या आमच्यातून उठून चालले होते.

म्हणून घोडं. पिंगळीजवळ उतरलेल्या एका मेंढपाळ मामांकडून होळीनंतर आणलं. तांबडं, साडेतीन वर्षांचं, डोळे गरीब. आषाढापर्यंत त्याला तयार करायचं आणि आबांना त्यावर बसवून शेतात न्यायचं, असा माझा बेत होता.

सुरुवातीला नुसतं खोगीर चढवलं. त्यानं ते असं चढवून घेतलं, जसं काही शालच पांघरली. मग खोगिरावर सोयाबीनचं अर्धं पोतं ठेवलं. तरी हूं की चूं नाही. मी खूश. मग मी स्वतः बसलो, आणि घोडं पाच पावलं चालून थांबलं. लाथ नाही, चावणं नाही, उधळणं नाही. थांबलं आणि डोळे मिटले.

आता, मी शीघ्रकोपी माणूस आहे. बंद पडलेल्या मोटारसायकलला लाथ घालून अंगठा सुजवून घेतलेला. मी बैलांना ओरडतो तसा ओरडलो, टाचा मारल्या, कासरा हवेत फिरवला. घोड्यानं एक कान हलवला. आठवडा गेला, पंधरवडा गेला. घोडं कुठं पेंड खातंय तेच कळेना. आमच्या गोठ्यात तर ते खरोखरच खात होतं, आणि भरपूर. एकदा ग्रामपंचायतीसमोर ते तासभर जागचं हललं नाही. येणारे-जाणारे मला विचारायचे, "पुतळ्याचं अनावरण कधी हाय?"

त्या दिवशी घरी आलो तो डोक्यात राख घालूनच. हातातला कासरा घोड्यावर उगारला. बाजेवरून आबा म्हणाले, "मारू नको त्येला. परत देऊन टाक. मला मोबाइलात दिसायलंय की शेत."

कासरा तिथंच टाकला आणि दुसऱ्या दिवशी पिंगळी गाठली. मामांना सगळं सांगितलं. ते इतके हसले की त्यांचं पागोटं सुटलं.

"भाऊ, आळशी न्हाई ते. जन्मल्यापसून मेंढरामागं चालायलंय. म्होरं मेंढरं, मागं बिऱ्हाड लादलेली त्येची आय, तिच्या बाजूला हे. मेंढरं थांबली की हे थांबणार. तुमी त्येला यकदम म्होरं घातलं. ते बिचारं म्होरच्याची वाट बघायलंय!"

"मग काय करू?"

"म्होरं कुनीतरी चालवा. मंग हळूहळू कमी करा. चाललं की लगाम ढिला सोडा, थांबलं की गुमान बसा. तुमचंच जरा अवघड दिसायलंय."

दुसऱ्या दिवसापासून गावाला फुकटचा तमाशा झाला. पुढं आमची शेळी, शेळीची दोरी धरून माझी बायको, तिच्यामागं घोडं, घोड्यावर मी. घोडं चालायला लागलं! अर्थात शेळीच्या चालीनं. शेळी बाभळीच्या शेंगा खायला थांबली की आमची वरातही थांबायची. बायको मागं वळून म्हणायची, "सप्तपदीला मी तुमच्या मागं होते. आता चला मुकाट्यानं."

मी मुकाट्यानं बसायला शिकलो. आयुष्यात इतकं अवघड काम मी केलेलं नाही. आठ दिवसांनी शेळी घरी ठेवली. मग बायको दहा पावलांवरून वीस, वीसवरून पन्नास पावलं पुढं गेली. मग ती वळणावरच्या लिंबाखाली बसायची आणि घोडं तिच्यापर्यंत एकटं जायचं. पण समोर कुणीच नसलं की अजूनही त्याचे पाय जड व्हायचे. आषाढ गेला, श्रावण लागला.

शेवटी म्हटलं, समोर मीच चालतो. आबांना ओट्यावरून खोगिरावर बसवलं. त्यांनी लगाम हातात घेतला. पांदणीत पोटरीभर चिखल. अर्ध्या वाटेत माझा उजवा पाय असा रुतला की निघेना, आणि मी लंगडीत उभा. मागं घोडं थांबलं. मी मनात म्हटलं, संपलं.

आबांनी टाच मारली नाही, ओरडले नाहीत. त्यांनी नुसता लगाम ढिला सोडला. घोड्यानं माझ्याकडं पाहिलं, बाजूनं वाट काढली आणि चिखल तुडवत माझ्या पुढं निघून गेलं. आबांनी मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही.

मी शेतावर पोचलो तेव्हा ते बांधावर, घोड्यावरच, ताठ बसले होते. समोर कमरेएवढं सोयाबीन डोलत होतं. मला वाटलं, डोळे भरून आले असतील.

"ही वळ वाकडी कामून गेली?" ते गरजले. "आन तुरीला जागा तरी सोडली का? पेरायलास का नुसतं फेकायलास? हे बांधावरचं गवत कुनाच्या बापानं काढायचं?"

दोन वर्षांनी माझे वडील मला रागावत होते. मी चिखलात उभा राहून ऐकत राहिलो आणि मध्ये एक शब्दही बोललो नाही. न जाणो, थांबले तर.