बांगड्यांतून गेलेली तार

ये वं पोरी, अशी जवळ बस. ताट वाढून ठेवलं तरी तू कॉम्प्युटरच्या त्या दोन बोर्डांच्या तारा जोडूनच राह्यली. एका बोर्डातून दुसऱ्यात अक्षरं हळू पाठवली तर नीट पोचतात अन् जलद पाठवली की कचरा होतो, म्हणून का उपाशी राहायचं असतं? घास घे, सांगते. सत्तरच्या पुढच्या सालांत आमच्याकडंही हेच झालं होतं.

तुझा आजोबा म्हणजे माझा दादा. त्याले तारघरात नोकरी पाहिजे होती. अकोल्याच्या परीक्षेत तारेचे ठोके वाजवायचा वेग कमी पडला, नापास झाला. वयाच्या अटीत आता एकच संधी उरली होती. नाहीतर जन्मभर वांगी भरून रिसोडचा बाजार करायचा.

मग त्यानं टॉर्चचे सेल, मोडक्या घंटीची गुंडाळी अन् डब्याच्या पत्र्याची पट्टी जमवून यंत्र केलं. उघडी तार घरापासून मळ्यातल्या विहिरीपर्यंत नेली, शेवग्याच्या झाडांना बांधत बांधत. दादा विहिरीवर बसून वाजवायचा, मी घरी ऐकून वहिनीले अक्षरं सांगायची. लहान-लांब ठोक्यांची ती अक्षरं मी त्याच्याजवळच शिकली.

हळू वाजवलं तर सारं साफ. हात जलद चालला की लहान ठोके गायबच. तो म्हणे मी ऐकत नाही, मी म्हणे तू वाजवत नाही. रोज सकाळी भांडण. दुपारी मात्र तोच वेग बरोबर पोचायचा. हे वहिनीच्या ध्यानात आलं, अन् दादानं झाडाले हात लावून पाह्यला. थंडीचे दिवस, दवानं साल ओली. तारेतली वीज वाटेतच झाडात उतरून राह्यली होती. उरलेल्या विजेनं पट्टी ओढायले वेळ लागे, लहान ठोका तेवढ्यात निघून जाई.

तार झाडाले टेकू नये, तर काच पाहिजे. वहिनी लगेच हातातल्या बांगड्या काढू लागली. आईनं तिचं मनगट धरलं. "नवऱ्याच्या नोकरीसाठी हात मोकळा करतं का कोणी? जोडी फुटलेल्या माग कासाराजवळून."

कासारानं उरल्यासुरल्या बांगड्या दिल्या अन् म्हणाला, "शेवग्याचं लगन काढलं का, बाई?"

आमी सुतळीनं एकेक बांगडी फांदीले टांगली, तिच्यातून तार ओवली. दुसऱ्या दिवशी दव तसंच पडलं होतं, अन् ठोके कसे टपटप, एकही गळेना. मी अक्षरं सांगत गेली. काय पाठवलं होतं माहीत? भाकर आण. वहिनी हसू लागली, तव्यावरची भाकर करपली.

त्या वेगानं दादा पास झाला. नेमणूक लांबच्या गावी निघाली, वहिनीही त्याच्या संगं गेली. आमाले आनंद होता, नाही कशाले म्हणू? पण सकाळी मी उगीच पट्टी दाबून पाह्यची. विहिरीकडून उत्तर द्यायले कोण होतं?

तेवा पोरी, उद्या गेली की तिकडंच रमू नको. तुझ्या आजोबाले गाडीत घाल अन् लवकर ये. दोघंही या.