मनोऱ्यावर वाळणारे पाइप

स्पष्टच लिहिते. आमच्या गावच्या जुन्या फायर स्टेशनला वारसा म्हणत जमलेले निम्मे लोक फोटोपुरते आले होते. काळ्या दगडाच्या दोन कमानी, सागवानी दारं, वर कौलं आणि मागं चौकोनी उंच मनोरा. स्टेशन वाचवा म्हणून काढलेल्या आमच्या पत्रकात हे सगळं होतं. आई नव्हती.

माझे वडील, आप्पा, बंबावर होते. चाकणकडं कुठं आग लागली की भोंगा व्हायचा आणि आई ओट्यापाशी खिडकीत उभी राहायची. आग विझवून परतले की सगळे जण आधी भिजलेले कॅनव्हासचे पाइप कप्पीनं मनोऱ्यावर ओढून वाळत सोडायचे, मगच घरी जायचे. खिडकीतून मनोऱ्यावर पाइप दिसले की आई चहा टाकायची. तो उकळेपर्यंत आप्पा दारात, तोंड काजळलेलं.

"आज काय पेटलं?"

"तुझी चूल सोडून सगळं."

मी कॉलेजात असताना भंगाराचं एक गोदाम पेटलं. दुपारी पाइप वर चढले. आईनं चहा टाकला. तो आटून गेला, तेव्हा दारात आप्पांचे सोबती आले, टोप्या हातात धरून. गोदामाचं छत कोसळलं होतं. ओले पाइप कुजतात, म्हणून त्यांनी सवयीनं ते टांगले होते. त्यांचा काय दोष? आमच्या घरची खूण त्यांना कुठं ठाऊक होती!

आता नवा बंब कमानीत मावत नाही, म्हणून सगळंच पाडायचं ठरलं. अहो, नवा बंब आणा, कोण नको म्हणतंय? शेजारी मोकळी जागा पडलीय, तिथं शेड बांधा! नगरपालिकेचे साहेब म्हणाले, "मॅडम, त्या मनोऱ्याचा आता उपयोग काय?"

पाडू नका म्हणून सह्या घ्यायला मी पहिल्यांदा आईकडेच गेले. तिनं पेन हातात घेतलं नाही.

"पडू दे. भांडी घासताना रोज समोर दिसतोय. तुला न्हाई त्याच्याकडं बघावं लागत."

तरी मी जेसीबीपुढं बसले. पोलिसांनी उचलून बाजूला केलं. दुपारपर्यंत मनोरा खाली आला.

घरी आले तर आई खिडकीतच उभी. समोर इतकी वर्षं मनोऱ्यामागं दडलेला कुठल्याशा कंपनीचा निळा पत्रा, एवढंच. ती माझ्याकडं वळलीही नाही.

"आता कुठं बघू गं?"

उपयोग विचारणाऱ्या साहेबांनी घरी येऊन तिला सांगावं.