पंधरा मिनिटांचं माहेर

श्रीपतमामा गेल्याचा फोन अकोल्याहून आला, तेव्हा आई भाकरी थापत होती. तिने तवा उतरवला, हात धुतले आणि म्हणाली, "काढ वं गाडी. आता कुठचं विमान..." आणि रडता रडता हसलीच.

तिचा हा धाकटा भाऊ जन्मभर पंपाच्या मोटारी दुरुस्त करत राहिला, पण बोलायचा मात्र आभाळातलं. आईच्या लग्नात, अमरावतीला वरात निघताना, अर्ध्या चड्डीतला मामा गाडीपुढे आडवा झाला होता म्हणे. "आक्का, तुले मी विमानानं माहेरी आनीन!" झालं! पुढे दर भाऊबीजेला तो मूर्तिजापूरमार्गे एसटीत धूळ खात यायचा आणि आई दारातच विचारायची, "विमान कुठी लावलं रे?"

मग अमरावतीहून मुंबईला विमान सुरू झालं. मामाने मोबाईलला अमरावती-अकोला हवाई अंतर विचारलं आणि लगेच फोन केला. "आक्का, पंधराच मिनटं लागते!"

"अरे पन अकोल्याले थे उतरते कुठी?"

"उतरत न्हाई. वरून तं जाते!"

मामाच्या हृदयापुढे डॉक्टरांनी हात टेकले होते. आता नाही तर कधीच नाही, हे आम्हाला कळत होतं. मी मामाला अमरावतीला बोलावून घेतलं आणि आई, मामा, मी अशी तिघांची मुंबईची तिकिटं काढली.

अकोल्यात मामीला हुकूम सुटला, गच्चीवर लाल सतरंजी अंथर. मामी त्याच्याही पुढची! माहेरवाशीण दारात आली की तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकायची आमच्याकडे रीत. वरून जाणार म्हणून काय झालं, रीत ती रीत. भरउन्हात ती भाकरी घेऊन गच्चीवर उभी राहिली.

विमान उडालं. मामाचं नाक काचेला चिकटलेलं. थोड्या वेळाने तो ओरडलाच, "आक्का, थे पाय आपलं घर!" सगळे प्रवासी वळून बघायला लागले. मला खाली नुसती काळी वावरं दिसत होती. आईने डोळे पुसले आणि म्हणाली, "दिसली बाप्पा सतरंजी! लालभडक!" मामाचा चेहरा असा फुलला... काय सांगू!

मुंबईत उतरल्याबरोबर त्याने मामीला फोन लावला. मामी म्हणाली, "सतरंजी तं मी कवाचीच गुंडाळली. इमान गेलं, भाकर ओवाळली, खाली आली."

आमचं विमान उशिरा सुटलं होतं. मामीने ओवाळलं ते कुठलं तरी दुसरंच! मामा आईकडे बघायला लागला. आई ठसक्यात म्हणाली, "मले दिसली म्हन्लं ना!" मामा पोट धरून हसला, मग फोनवर म्हणाला, "अवो, कोन्या परक्याची नजर काढली तुनं?"

"काढली तं काढली," मामी म्हणाली. "त्याचीबी कोनी बहीन असनच."

मामाच्या तेरवीनंतर निघताना मामीने ती सतरंजी आईच्या हातात दिली. आता मुंबईच्या विमानाची वेळ झाली की आई आमच्या गच्चीवर ती अंथरते आणि भाकरीचा तुकडा घेऊन बसते. विमानाला कधीकधी फार उशीर होतो. मी म्हणते, "आई, ऊन किती झालं, गुंडाळ आता."

"थांब ना वं," ती आभाळाकडे बघत म्हणते, "मांगच्या बारीले घाईच झाली व्हती."