सुरुवात करणारी बाई

“मीठ आणि…?” मी म्हटलं आणि थांबले.

फिलोमिनामावशी माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या.

“ऊन आणि…? चहा आणि…?”

काही नाही. त्यांनी डाव्या हाताने माझी कार्डं बाजूला सारली आणि मान भिंतीकडे वळवली. उजवा हात मांडीवर तसाच पडून होता.

मी स्पीच थेरपिस्ट. अलिबागच्या एका हॉस्पिटलात जिन्याखाली माझी खोली आहे. लोकांना वाटतं मी फक्त बोबड्या मुलांना बोलायला शिकवते. तेही करते, पण माझे निम्मे पेशंट पक्षाघाताचे असतात. मेंदूच्या डाव्या बाजूला इजा झाली की काहींची वाचा जाते. त्याला आम्ही अफेझिया म्हणतो. माणसाला कळत असतं, बोलायचंही असतं, पण शब्द हाताला लागत नाही. “यांची अक्कल शाबूत आहे” हे नातेवाइकांना समजावण्यात माझी अर्धी नोकरी गेली.

वाक्य अर्धं सोडणं ही आमची जुनी युक्ती. आकडे, वार, आरत्या, शिव्या असलं घोटलेलं बोलणं मेंदूत जरा निराळं साठवलेलं असतं. त्याला ऑटोमॅटिक स्पीच म्हणतात. बाकी सगळं गेलं तरी ते बरेचदा उरतं. अर्धं आपण म्हणायचं, उरलेलं पेशंटच्या तोंडून आपसूक येतं.

याचा चालताबोलता पुरावा दर गुरुवारी बाहेरच्या बाकावर बसलेला असायचा. रेवदंड्याचे एक तांडेल, म्हणजे होडीचे कप्तान. त्यांच्याकडे एकच शब्द शिल्लक होता आणि ती शिवी होती. पाणी हवं, तीच. नमस्कार, तीच. त्यांची बायको पदर तोंडाला लावून खाली बघत बसायची. शेजारी फिलोमिनामावशी, त्यांच्या पलीकडे त्यांचे यजमान आंतोनकाका.

मावशी कोर्लईच्या. वाडीत कुणाकडे दुखणं आलं, मरण आलं, की या माळ घेऊन जायच्या आणि रोझरी चालवायच्या. रोझरी म्हणजे मण्यामण्यावर म्हणायची प्रार्थना. “हिनं सुरू केल्याबिगर वाडीत कुनी गुडगा टेकत न्हाय,” असं काका अभिमानाने सांगायचे. आता वाडीतली माणसं त्यांच्यासाठी प्रार्थना करायला यायची, तर या भिंतीकडे तोंड करून पडायच्या. उशीखालची माळही त्यांनी नवऱ्याच्या हातात देऊन टाकली होती.

“मॅडम, देवावर रुसलीय ती,” काका म्हणाले. “जेवन पन अर्धंच टाकते. वाचा न्हाय आली तरी चालंल, पन ही अशी नको जायला.”

मोठ्या डॉक्टरांनी फाइल उघडली.

“किती सेशन?”

“अकरा.”

“शब्द?”

“शून्य.”

“प्लॅटो आलाय. गुरुवारी काही दिसलं नाही तर बंद करा. वेटिंगवर माणसं आहेत.”

प्लॅटो म्हणजे प्रगतीचा चढ संपून लागलेली सपाटी. डॉक्टर दुष्ट नव्हते. वेटिंगवर खरंच माणसं होती.

मराठी कार्डं झाली होती, त्यांच्या घरच्या पोर्तुगीज वळणाच्या बोलीतले शब्दही झाले होते. राहिली होती प्रार्थना. हे मला आधीच सुचायला हवं होतं. पण माझी स्वतःची आरती दुसऱ्या कडव्यानंतर नुसते ओठ हलवून चालते, तेव्हा देवाच्या प्रांतात मी सहसा शिरत नाही. काकांनी एका कार्डावर प्रार्थना लिहून दिली. पुढच्या बाजूला पहिली अर्धी, मागे दुसरी.

सोमवारी मी पुढची बाजू वाचली. “नमो मरिये कृपापूर्णे…” पहिली अर्धी संपवली आणि थांबले.

मावशींच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. शब्द एकही नाही. हेही गेलं, असं मी धरून चालले. त्या दिवशी घरी जाऊन मी सगळ्यांवर उगाचच डाफरले.

गुरुवारी शेवटचं सेशन. मन लागत नव्हतं, त्यात मी कार्ड उलटं धरलं. “हे पवित्र मरिये, देवाच्या माते…” पार “आमेन”पर्यंत वाचून गेले, मग चूक लक्षात आली. कार्ड फिरवते आहे तोच आवाज आला.

“नमो मरिये कृपापूर्णे, प्रभू तुजठायी आहे…”

घोगरा आवाज. पहिलं अक्षर जरा घसरलेलं, बाकी अख्खी ओळ सरळ. मी काकांकडे बघितलं. त्यांना बोलायचं भान नव्हतं, पण सवय होती. त्यांनी पुढचं अर्धं म्हटलं. “आमेन” झालं आणि मावशींनी परत सुरू केलं. सात वेळा. मध्ये थांबवायचं कुणाला सुचलं नाही. मी तर रडत होते. थेरपिस्टने रडू नये असं आम्हाला शिकवतात.

मग काकांनी डोळे पुसत मला माझाच धंदा समजावला. रोझरीत एकजण पहिली अर्धी म्हणतो, बाकीचे दुसरी.

“ती कवा जाब देत न्हाय, मॅडम. जाब आमी द्यायचा. आमचं आमेन आयकलं की ती पुढचा मनी घेते. तुमी सोमवारी तिचीच ओळ तिच्या तोंडची काढून घेतली.”

घरी येणारी माणसंही तेच करत होती. दुसरंच कुणी सुरुवात करायचं आणि मावशींकडून जाबाची अपेक्षा. बाई देवावर रुसलेली नव्हती, तिची जागा गेली होती. सोमवारचं धरून बारा सेशन मी तिला नको त्या बाजूला बसवून ठेवलं, याची मला लाज वाटली. आणि आनंद इतका झाला की ती लाज फार टिकली नाही.

“चमत्कार झाला,” काका म्हणाले.

मी त्यांना ऑटोमॅटिक स्पीच समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“म्हंजे घरात पानी शिरलं, सगळं भिजलं, पन देवाची खोली कोरडी ऱ्हायली. असंच ना?”

“साधारण तसंच.”

“मग मी दुसरं काय म्हनलो?”



मोठे डॉक्टर म्हणाले, “हे पाठांतर आहे. भाषा नव्हे.” बरोबरच होतं. पण त्यांनी आणखी दोन महिने दिले.

पाठांतरातून भाषेकडे जायची वाटही रोझरीतच निघाली. दर दहा मण्यांच्या आधी सुरुवात करणारीने सांगायचं असतं, हा फेरा कुणासाठी. ते पाठ नसतं. ते मनातून यावं लागतं. मी तोच अभ्यास दिला. वाडीतली माणसंही परत येऊ लागली आणि या वेळी पहिली ओळ मावशींसाठी सोडू लागली. माळ उशीखाली परत गेली. ताटही रिकामं होऊ लागलं.

“हा फेरा कुणासाठी?” मी दर वेळी विचारायची. पाच आठवडे नुसता “अं… अं…”

सहाव्या गुरुवारी ओठ जुळले. काकांनी शर्टाची कॉलर नीट केली. इतकी वर्षं संसार केला, पहिलं नाव आपलंच, असा त्यांचा हिशेब. मावशींनी डावा हात दाराबाहेरच्या बाकाकडे केला.

“शि… शिवी… बाबा.”

काका हसत सुटले. “आनि मी, गो?”

मावशींनी त्यांना हातानेच गप्प केलं. अजून बोलायचं होतं.

“त्याला… पन… एकच.”

आता मावशी तीन-चार शब्दांची वाक्यं बोलतात. बहुतेक काकांना, आणि बहुतेक वाल कसे सोलू नयेत याबद्दल. माझ्या केस पेपरवर मी एक नवा रकाना वाढवला आहे: घरात सुरुवात कोण करतं? हा प्रश्न कुठल्याही टेस्टमध्ये नाही. असायला हवा.

त्या सहाव्या गुरुवारीच मी मावशींना घेऊन बाकापाशी गेले आणि तांडेलांना सांगितलं, “या मावशी रोज तुमच्यासाठी प्रार्थना करणार आहेत.” त्यांच्या बायकोचा पदर तोंडावरून खाली आला. तांडेल मावशींकडे वळले. छातीवर हात ठेवला आणि हळूच, अगदी मऊ आवाजात, आपल्याकडचा एकुलता एक शब्द त्यांना दिला.

मावशी म्हणाल्या, “आमेन.”

रिपोर्टमध्ये मी लिहिलं: प्रतिसाद योग्य, उच्चार स्पष्ट.