ओणवेबाबांचं तरस

ओणवेबाबा माणसाच्या तोंडाकडे बघत नसत, पायांकडे बघत. वनरक्षक म्हणून वाणगावच्या पूर्वेला माझी नेमणूक झाली, तेव्हा पहिल्याच दिवशी माझ्या नव्या बुटांकडे बघून त्यांनी विचारलं, "उजवी टाच दुखते ना, बाय?" दुखत होती, आणि मी ते कुणाला सांगितलंही नव्हतं. जन्मभर खाली बघत चालून त्यांच्या पाठीला बाक आला होता, म्हणून पाड्यावर सगळे त्यांना ओणवेबाबा म्हणत. ते खात्यात रोजंदारीवर वाटाड्या होते. मला माग काढायला शिकवायचं काम साहेबांनी त्यांच्या गळ्यात मारलं होतं.

मी केळव्याची, वाडीत वाढलेली. आमच्याकडे जनावर म्हणजे फार तर पोफळीतून पळणारं मुंगूस. पहिल्या हिवाळ्यात मी काय अकलेचे तारे तोडले ते सांगायची सोय नाही. शेळीच्या खुराला भेकर म्हटलं. एकदा तर स्वतःच्याच बुटाच्या ठशावर पाच मिनिटं वाकून बसले. बाबा हसले नाहीत. हसले असते तर बरं वाटलं असतं.

माग शिकायचा तो थंडीतच, असं त्यांचं म्हणणं. पावसाळ्यात सगळं वाहून जातं, उन्हाळ्यात वारा धूळ उडवतो. दिवाळीनंतर मात्र दंव पडतं आणि धूळ जागेवर बसते. माग ताजा की शिळा अशी शंका आली की बाबा ठशाशेजारी आपला अंगठा दाबत आणि दोन्हींच्या कडा ताडून बघत. माझी नेहमीची घिसाडघाई बघून म्हणत, "दमानं बघ. तो कवाच गेला, आता पलनार नाय."

दुसऱ्या हिवाळ्यात त्यांनी मला नाल्याकाठी तरसाचा माग दाखवला. पंजा कुत्र्यासारखाच, नखंही उमटलेली, पण पुढचं पाऊल मोठं आणि मागचं लहान. बाबांनी त्यावर पळसाचं पान झाकलं, कुणाचा पाय पडू नये म्हणून. त्या दिवशी ते घरी जाईपर्यंत गुणगुणत होते.

तिसऱ्या वर्षी ती टेकडी खडीच्या खाणीसाठी मागितली गेली. बाबांचा पाडा तिच्या पायथ्याशीच. खाण झाली की घरं उठणार, झराही जाणार. साहेब म्हणाले, पाहणीच्या दिवसापर्यंत तरसाचा ताजा पुरावा मिळाला तर परवानगी अडेल, जुन्या नोंदी चालायच्या नाहीत. अख्खा पौष आम्ही दोघांनी टेकडी पालथी घातली. रोज कुत्रीच. वस्ती सरकली की तिच्याआधी भटकी कुत्री येतात, आणि बोईसर तर दरवर्षी आमच्याकडे सरकत होतं.

पाहणीच्या सकाळी अधिकारी आले, सगळा पाडा मागून चालत आला. नाल्याजवळ मला एक पाऊल दिसलं. मोठं, रुंद, नखांसकट. एकच होतं, पुढेमागे सगळा खडक. माझा आनंद गगनात मावेना. "तरस!" मी म्हटलं. साहेबांनी ठशावर काच ठेवून पेनाने आकार काढायला घेतला. बाहेरून आलेल्या अधिकाऱ्याने सहज विचारलं, "काय बाबा, तरसच ना?"

बाबा उकिडवे बसले. काच बाजूला केली, अंगठा दाबला, पुन्हा बघितलं. पाड्यातलं एक माणूस हलत नव्हतं. त्यांची सूनही तिथेच उभी होती.

"कुत्रा हाय," बाबा म्हणाले.

मी अशी संतापले की सगळे गेल्यावर त्यांना वाटेल ते बोलले. एक शब्द बोलला असतात तर काय बिघडलं असतं, असंही विचारलं. बाबा म्हणाले, "मना तो तुज्यापरीस जास्त पायजे होता, बाय. पन तो आला नाय." मला माझी लाज वाटली, तरी राग गेला नाही.

खाण सुरू झाली. पाड्याने बाबांशी बोलणं टाकलं. घर उठल्यावर मुलाने त्यांना बोईसरला चाळीतल्या खोलीत नेलं. तिथे दारापर्यंत सिमेंट. ते दिवसभर खाटेवर बसून असत.

पुढच्या पौषात सुट्टीमुळे खाण बंद होती. सकाळी फेरी मारताना दगडाच्या पांढऱ्या भुकटीत मला पावलांची ओळ दिसली. मोठं, लहान, मोठं, लहान. मी अंगठा दाबून बघितला. माग ताजा होता. अर्धी टेकडी तोवर संपली होती. काचेवर आकार काढला, कागदावर उतरवला, नोंद केली. नोंद फायलीत गेली, आणि सुट्टी संपल्यावर खाण पुन्हा सुरू झाली.

कागद पिशवीत घालून मी बोईसरला गेले. बाबा फार खंगले होते. सुनेने चहा दिला आणि एक शब्द न बोलता आत गेली. मी पिशवीत हात घातला तेवढ्यात बाबांनी विचारलं, "तरस मिलला का गं यंदा?"

तिथेच होतं ते, बाबा. आपल्यालाच दिसलं नाही. एवढंच सांगायचं होतं. माझ्याने सांगवेना.

"नाही बाबा. कुत्रीच आहेत सगळी."

बाबा आतल्या दाराकडे बघत, सुनेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "बघ. मी खोटा नव्हतो."

फाल्गुनात बाबा गेले. तो कागद मी अजून कुणाला दाखवलेला नाही.